पाटलिणीची पेंड

आमच्याकडं वासराला पेंड कधी घालायची, ते त्याच्या वयावरून ठरत नाही. जबड्यावरून ठरतं. वासरू महिन्याचं झालं, दोन महिन्यांचं झालं, चार काड्या तोडायला लागलं, तरी त्याला सरकी पेंडीच्या घमेल्याला तोंड लावू देत नाहीत. ते बसलेलं असावं, पुढ्यात काही नसावं, आणि त्याचा जबडा आपसूक हलायला लागावा. पोटातलं वर आणून ते चावायला लागलं, म्हणजे मग पेंड.

धोंडुबाई झिमल हे वस्तीत आलेल्या नव्या सुनांना पहिल्या आठवड्यातच सांगून टाकायची. "रवंत केल्याबिगर सरकी न्हाई. मला माज्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. आडदांड वासरू मेलंय ह्या दावणीला. का मरतं ते इचारू नगंस. मरतं."

आणि का मरतं ते खरंच कुणी विचारलं नाही. चुलीत हात घालू नये, हे जसं विचारत नाहीत, तसंच ते.

झिमलांची वस्ती म्हसवडच्या पूर्वेला, माणगंगेच्या पलीकडं. नदी म्हणायची एवढंच, वर्षातले आठ महिने तिच्यातून बैलगाडीची वाट असते. धोंडुबाईचा नवरा कोंडीबा मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की दीडशे मेंढरं, एक घोडं आणि दोन कुत्री घेऊन दोघं नवरा-बायको खाली कऱ्हाडकडं जायची, उसाच्या रानात मेंढरं बसवायची आणि आखाडात परत यायची. सूरज असाच उंब्रजच्या अलीकडं एका उसाच्या बांधावर झाला. तिसऱ्या दिवशी धोंडुबाई त्याला पाटीत घालून, पाटी घोड्यावर बांधून चालायला लागली. त्याच पाटीत त्याच्याशेजारी दोन दिवसांचं कोकरू होतं. "दोघंबी एकाच सुरात बॅ करायची," असं ती सांगायची.

पुढं एका सकाळी सडकेवर ट्रकनं बावीस मेंढरं आणि कोंडीबा एकाच फटक्यात नेला. उरलेली मेंढरं धोंडुबाईनं विकली आणि एक म्हैस घेतली. सूरज तवा सोळा वर्षांचा. त्याला वस्तीतल्याच एका माणसानं तामिळनाडूत सेलमला गलाईच्या कामाला नेलं. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून, ॲसिडात घालून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातल्या निम्म्या घरांतले बापे हेच करतात. सोनं दुसऱ्याचं, धूर यांचा.

सतरा वर्षं तो तिकडं होता. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला, म्हसवडच्या जत्रेला, यायचा. पंधरा दिवस राहायचा आणि जायचा. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, माया सून म्हणून घरात आली, उत्कर्षा झाली. उत्कर्षा चार वर्षांची असताना असाच तो रथाला आला. दारात उभा राहिला, खांद्यावर बॅग. पोरगी अंगणात खेळत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि घरात पळत गेली. "आजे, पाव्हणं आल्यात!"

सूरज उंबऱ्यातच खाली बसला. हसला नाही, रडला नाही. त्या वर्षी तो परत गेला खरा, पण आठ महिन्यांत कायमचा आला. आल्या आल्या आईला म्हणाला, "आये, म्या आता हितंच ऱ्हाणार. डुकरं पाळणार."

धोंडुबाईला वाटलं, ॲसिडाच्या धुरानं ह्याचं डोस्कं गेलं.

पण त्यानं सगळं बघून ठेवलं होतं. सेलमला त्याच्या खोलीच्या मागं मालकाची पांढरी डुकरं होती. रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी हा तिकडं जाऊन उभा राहायचा. कशी खातात, किती वाढतात, कोण नेतं, सगळं विचारायचा. इथं आल्यावर घरापासून शंभर पावलांवर त्यानं पत्र्याची शेड मारली, खाली कोबा केला, पाण्याची टाकी बसवली आणि टेम्पोतून तीन माद्या आणि एक नर आणला. पांढऱ्याफेक, कान खाली पडलेले, तोंडं गुलाबी.

वस्तीला बोलायला विषय मिळाला. पारावरची माणसं सूरज दिसला की नाकाला पंचा लावायची. भाऊसो म्हणून एक पेंड-भुश्शाचा दुकानदार आहे, तो तर तोंडावरच म्हणाला, "गड्या, बिरोबाच्या घरात मेंढरू जन्मतं असं ऐकलं हुतं. आता काय वराह अवतार?" शेजारची बनुबाई, धोंडुबाईची पन्नास वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची भांडणारीण, कुंपणावरून ओरडली, "धोंडे, माज्या अंगणात वास आला तर पत्रं उचकटीन बरं का!"

"उचकट की," धोंडुबाई म्हणाली. "मीबी येते मदतीला."

ती खरंच शेडकडं बघत नव्हती. डुकराला हात लागला तर आंघोळ, आणि आंघोळ केल्याशिवाय देव्हाऱ्यातल्या बिरोबाला भंडारा वाहायचा नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सूरजच्या अंगाला वास येतो म्हणून त्याचं ताटसुद्धा ती लांबून सरकवायची.

हे चाललं चैतापर्यंत. चैतातल्या एका दुपारी सूरज मका आणायला आटपाडीला गेलेला, माया अंगणवाडीत, आणि शेडमधून आवाज यायला लागला. धोंडुबाई बाजेवर आडवी झाली होती. तिनं कूस बदलली. आवाज थांबेना. तिनं आयुष्यात काही नाही तरी हजार मेंढ्या सोडवल्या असतील. अडलेल्या मादीचा आवाज तिला झोपेतही कळतो, मग ती मेंढी असो, म्हैस असो नाहीतर बाई. ती उठली. शेडच्या दारात उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "म्या हात लावणार न्हाई बरं का तुला." आणि मग बाह्या सारून आत गेली.

पिलू आडवं आलं होतं. तेल लावून तिनं हात घातला, ते वळवलं, ओढलं. मेल्यागत होतं. तिनं त्याच्या नाकातला चिकटा तोंडानं ओढून थुंकला आणि फुंकर मारली. ते शिंकलं. त्याच्यामागं एकामागून एक दहा आली. सूरज आला तेव्हा आई कोब्यावर फतकल मारून बसलेली, पदरात पिलं, आणि ती मोठी मादी तिच्या मांडीला नाक लावून घुरघुरत होती.

"आये, आंघूळ?" सूरज म्हणाला.

"करीन की. पळून चाललीया व्हय ती?" मग मादीकडं बघून म्हणाली, "बघ की कशी पडलीया. गावाची पाटलीण जनू."

त्या दिवसापासून त्या मादीचं नाव पाटलीण पडलं. खऱ्या पाटलिणीच्या कानावर हे गेलं आणि तिनं धोंडुबाईशी सहा महिने बोलणं टाकलं. धोंडुबाई म्हणायची, बरं झालं, मला तरी कुठं येळ हाय. देव्हाऱ्याचं काम तिनं उत्कर्षाकडं दिलं. रोज आंघोळ करून पोरगी बिरोबाला भंडारा वाहायची आणि म्हातारी दारातूनच हात जोडायची, कारण तिचा हात दिवसभर डुकरांना. "देवाला लांबून दिसतं," म्हणायची. "जित्राबाला न्हाई दिसत."

तीन वर्षांत शेड भरली. त्या वर्षी सगळी मिळून बावीस होती. त्यातली मोठी झालेली गोव्याकडचा एक व्यापारी घेऊन जायचा. आखाडात तो आला, डुकरांच्या पाठीवरून अंगठा दाबत फिरला आणि मान हलवली. "अजून हाडं लागतात हो हाताला. ह्या उन्हाळ्यानं मारलं त्यांना. दसऱ्याला बघू. भरली असली तर सगळी नेतो, पुढचंही ठरवू. नाही तर मला दुसरीकडं बघावं लागेल."

तो गेल्यावर सूरज जेवायला बसला. माया भाकरी करत होती. त्यानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "सेलमच्या शेठचा सारका फोन येतूया. भट्टी मोकळी हाय म्हणतो. दसऱ्याला ही भरली न्हाईत, तर मग जावंच लागंल."

मायाच्या तव्यावरची भाकरी करपली, एवढंच. धोंडुबाई चुलीच्या कडेला बसून ऐकत होती. तिनं उत्कर्षाकडं बघितलं. पोरगी आता सात वर्षांची, बापाच्या मांडीला मांडी लावून, त्याच्याच ताटात जेवत होती.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई शेडमध्ये उभी होती. पत्र्यावर सूरजनं कोळशानं काहीतरी लिहून ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. उत्कर्षाला म्हणाली, "काय लिव्हलंय गं तुज्या बापानं?"

पोरगी पाय उंचावून वाचायला लागली. "मका. कोंडा. पेंड. मीठ."

"पेंड?"

"व्हय. पे-वर अनुस्वार. पेंड."

धोंडुबाई विचारात पडली. सूरज रोज काय घालतो ते ती बघत होती. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, मीठ, आणि पोत्यातली ती पिवळी भुकटी. तिला तो सोयाबीन म्हणायचा. पण पेंड? पेंड तर तिनं त्याला कधी घालताना बघितली नव्हती. घरात पेंडीचं पोतं एकच, म्हशीच्या गोठ्यात. भाऊसोच्या दुकानातली घाण्याची सरकी पेंड, हातात घेतली तर बोटाला तेल लागावं अशी.

आणि मग तिला उमगलं. म्हणजे तिला तसं वाटलं. पोरगं म्हशीच्या तोंडचं काढून डुकरांना घालायला लाजतंय. पत्र्यावर लिहिलंय पेंड, आणि आईच्या म्हशीची म्हणून हात लावत नाही. म्हणून तर हाडं लागतात हाताला! पेंडीशिवाय कुठलं जित्राब भरलंय?

म्हैस तवा आटलेली होती, गाभण. तिला फार पेंड लागत नव्हती.

तिसऱ्या दिवसापासून सूरज सकाळी म्हसवडच्या मंडईत टाकून दिलेला भाजीपाला आणायला मोटारसायकलवरनं गेला, की धोंडुबाई रात्री भिजत घातलेलं पेंडीचं घमेलं पदराखाली घेऊन शेडमध्ये जायची. पाटलिणीला आधी, मग बाकीच्यांना. कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरगं म्हणालं असतं, आये, म्हशीची ऱ्हाऊ दे. डुकरं भरली, दसऱ्याला व्यापाऱ्यानं अंगठा दाबला आणि हाड लागलं नाही, की मग सांगायचं तिनं ठरवलं होतं. तवा सूरजचं तोंड कसं होतंय, ते तिला बघायचं होतं.

बनुबाईनं एकदा कुंपणावरून बघितलं. "धोंडे, काय चारतीस गं पदरातलं?"

"तुज्या नवऱ्याची मुंडी."

"चार, चार. डुकराला काय पचत न्हाई? धोंडं घातलं तर धोंडं पचवील."

"म्हनूनच धोंडुबाईकडं आल्यात," धोंडुबाई म्हणाली आणि दोघी हसल्या. डुकराला सगळं पचतं, हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत आहे.

महिनाभरात डुकरं चमकायला लागली. अंगावरचे केस तेल लावल्यागत. सूरज पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "आये, भरायला लागली गं." धोंडुबाईनं तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. आणि दुसऱ्या दिवसापासून घमेलं शिगोशीग केलं.

गौरी-गणपती आले तवा पाटलीण खायला नको म्हणायला लागली. नाक लावायची आणि बाजूला व्हायची. मग धापा टाकायला लागली. बरगड्या अशा आत-बाहेर व्हायच्या की सूरज म्हणाला, "भट्टीचा भाता मारत्यात तसं हाय हे." त्यानं थंड पाणी मारलं, दुकानातनं औषध आणलं. दुपारी दोन डुकरं उभ्या उभ्या कोसळली आणि मेली. तिसरं तिन्हीसांजंला. ती चांगली भरलेली, तजेलदार डुकरं होती. रोगानं वाळून मेली असती तर माणसाला कळलं असतं. ही अशी कशी मरतात?

"इखाचं औषद घातलंय कुणीतरी," सूरज म्हणाला.  आणि तो सरळ कुंपणाकडं गेला. "बनुमावशे! तूच म्हनली हुतीस पत्रं उचकटीन म्हनून!"

बनुबाई हातातलं सूप टाकून बाहेर आली. "मुडद्या, तुला म्या मांडीवर खेळवलाय! तुज्या जित्राबाला मी औषद घालीन?"

"मग कोन घालंल? दुसरं कोन येतं हिकडं?"

"उद्या चल बिरोबाफुडं. म्या भंडारा उचलते. आन् तुज्या घरातलं समद्यांनी उचलायचा."

भंडारा उचलायचा म्हणजे बिरोबापुढची हळद मुठीत घेऊन खरं सांगायचं. खोटं बोललं तर देव जे जवळचं असेल ते नेतो, असं मानतात. आमच्याकडं पोलीस ठाण्यात खोटं बोलणारी माणसं भंडारा उचलताना घाम पुसतात.

सकाळी बिरोबाच्या देवळापुढं वस्ती जमली. बनुबाईनं मूठ भरली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "म्या ह्यांच्या जित्राबाला वंगाळ काय घातलं असंल, तर माज्या घरावर फुली पडू दे." सूरजनं उचलला. मायानं उचलला. धोंडुबाईची पाळी आली. तीन वर्षांत तिनं भंडाऱ्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी पहाटे आंघोळ करून आली होती, केस अजून ओले. तिनं मूठ घट्ट मिटली. हळद बोटांच्या फटीतून सांडली.

"म्या ह्या हातानं ह्या जित्राबास्नी चांगलं सोडून वंगाळ काय घातलं न्हाई," ती म्हणाली. "घातलं असंल तर बिरूबा माजं जवळचं नेऊ दे."

आणि ती खरं बोलत होती. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.

घरी परत आल्यावर पाटलीण पडलेली दिसली. धोंडुबाई तिच्या डोक्याशी बसली. पाटलिणीनं एकदा नाक तिच्या मांडीकडं आणलं, पोचलं नाही. तोंडातून फेस आला. धोंडुबाईनं तो पदरानं पुसला आणि पदराचा तुकडा फाडून तिच्या डोळ्यांवर टाकला.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीण आल्या. शिवांजली त्यांचं नाव, वय पंचविशीचं, पायात गमबूट. त्यांनी पाटलिणीला शेडच्या मागं नेऊन उघडलं. वस्ती लांब उभी. धोंडुबाई जवळ उभी. पोट चिरल्याबरोबर पिवळसर पाणी भसकन बाहेर आलं, छातीतही तेच. मग त्यांनी काळीज, म्हणजे यकृत, काढून पाटावर ठेवलं आणि सुरीनं मधोमध कापलं. आत जायफळ चिरल्यावर दिसतं तसं, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं.

"मावशी, काळीज गेलंय हिचं," डॉक्टरीण म्हणाल्या. "एका दिवसात नाही. महिना, दोन महिने चाललंय हे." त्या सूरजकडं वळल्या. "खायला काय घालता?"

सूरजनं सांगितलं. मका, कोंडा, सोयाबीनची पेंड, मीठ, भाजीपाला.

"दुसरं काही? सरकी? सरकीची पेंड?"

"न्हाई मॅडम. ती म्हशीला असती."

"नक्की? कारण सरकीत एक विषारी द्रव्य असतं. म्हैस, गाय, शेळी, ह्यांना ते बाधत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते जिरून जातं. डुकराला रवंथ नाही. त्याला ते काळजात साठत जातं. वासरांना लहानपणी..."

"रवंत करायच्या आदी देत न्हाईत," धोंडुबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती पाटावरच्या त्या कापलेल्या काळजाकडं बघत होती. ओठ हलत होते. मग तिनं सूरजचा हात धरला आणि त्याला शेडमध्ये नेलं. पत्र्यापुढं उभं केलं.

"तूच लिव्हलंस की रं," ती म्हणाली. "पोरीनं वाचून दाकवलं. मका, कोंडा, पेंड. तू घालीत नव्हतास. मला वाटलं म्हशीची म्हनून लाजतुयास. म्या घातली."

सूरजनं पत्र्याकडं बघितलं. कोळशाची अक्षरं, तीन वर्षांची, जरा पुसट. मका. कोंडा. पेंड. मीठ. त्यानं पेंडच्या पुढं बोट ठेवलं.

"सोया लिवायचं ऱ्हायलं," तो म्हणाला. "जागा न्हवती म्हनून सोया लिव्हलं न्हाई म्या."

बाहेर बनुबाई उभी होती. ती ऐकत होती. तिला तोंड उघडायचा पूर्ण अधिकार होता त्या दिवशी. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि गुपचूप निघून गेली.

सूरज आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अंगठ्यानं पत्र्यावरची अक्षरं पुसायला लागला. मका पुसलं, कोंडा पुसलं. पेंड पुसता पुसता थांबला आणि तसंच ठेवून बाहेर गेला.

पेंड बंद केल्यावरही आठ दिवसांत अजून पाच गेली. डॉक्टरीण म्हणाल्या, आतलं आधीच बिघडलं होतं, आता थांबवून उपयोग नाही. पाटलीण गेली त्याच दिवशी जेसीबीनं खड्डा काढला होता, एकेक मेलं तसं मीठ आणि चुना टाकून सगळी त्यात पुरली. पाटलिणीच्या डोळ्यांवरचा पदराचा तुकडा धोंडुबाईनं काढू दिला नाही. तो तसाच तिच्याबरोबर पुरला. दसऱ्याला व्यापारी आला, उरलेल्यांकडं बघितलं आणि चहाही न घेता निघून गेला.

सेलमला जायच्या आदल्या दिवशी सूरज जेवायला बसला. मायानं ताट वाढलं. धोंडुबाई पुढ्यात बसली.

"माजं चुकलं म्हन की रं येकदा," ती म्हणाली. "शिवी दे. मार येक."

"तुजं काय चुकलं आये? म्या लिव्हलं."

"तू लिव्हलंस. पर रवंताचं मला म्हाईत हुतं की. समद्या वस्तीला मीच सांगती."

सूरजनं घास खाली ठेवला.  मग म्हणाला, "त्येंचं पोट तुला म्हशीचं वाटलं, आये. जीव लावला की असंच हुतं."

सकाळच्या एसटीनं तो गेला. उत्कर्षा फाट्यापर्यंत गेली होती. परत आली तेव्हा तिनं दप्तर काढलं आणि अंगणात एकटीच बसून राहिली. धोंडुबाईनं विचारलं, "काय म्हनला बा?"

"रथाला येतो म्हनला."

मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघाला. नवीन माणूस म्हणून शेठनं त्याला सोडलं नाही. सतरा वर्षं जुना माणूस, आणि आता नवीन.

बनुबाई त्या दिवशी रथाचा गुलाल घेऊन आली. दारातच उभी राहून धोंडुबाईच्या कपाळाला लावला. दोघी बाजेवर बसल्या.  मग बनुबाई हळूच म्हणाली, "धोंडे, भंडाऱ्याचं मनाला लावून घेऊ नगंस. तू काय खोटं बोलली न्हाईस. देवाला ठावं हाय."

"देवाला ठावं असंल," धोंडुबाई म्हणाली. "पर त्येनं न्यायचं ते नेलं की."

म्हैस दिवाळीच्या आधीच व्यायली होती. रेडकू झालं, रेडी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. पौषात ती दोन महिन्यांची झाली, गवत तोडायला लागली. भाऊसोच्या पेंडीचं पोतं अजून गोठ्यात होतं, एक संपलं की दुसरं यायचं. धोंडुबाईनं पेंड बंद केली नव्हती. म्हशीला ती रोज घालते, आणि म्हैस दूध देते, चांगलं दाट. पेंडीत काही दोष नव्हता.

एका दुपारी फोन वाजला. मायानं तो धोंडुबाईच्या कानाला लावला. पलीकडून भट्टीचा घूं घूं आवाज येत होता, त्याच्यातून सूरज ओरडत होता, "आये, म्हस कशी हाय? रेडी कशी हाय?"

धोंडुबाई गोठ्यात बसली होती. रेडी तिच्या पुढ्यात पाय दुमडून बसलेली. समोर काही नव्हतं. आणि तिचा जबडा हलायला लागला, डावीकडून उजवीकडं, सावकाश.

"बरी हाय," धोंडुबाई म्हणाली. "आत्ता रवंत कराय लागली बघ."

"मग पेंड घाल की तिला!"

धोंडुबाईनं घमेल्याकडं बघितलं. भिजवलेली पेंड फुगून वर आली होती. तिनं हात घातला, मूठ भरली आणि तशीच धरून ठेवली. रेडीनं मान लांब करून मुठीचा वास घेतला.

"आये? हायस का?"

"हाय," ती म्हणाली. "बघते आजून चार दिस."